मानहाइमच्या आधी

यामिनीचा फोन आला तेव्हा विपुल फ्रँकफर्टच्या विमानतळावर, बाहेर येणाऱ्यांच्या दारासमोर कठड्याला टेकून उभा होता, आणि तिचं नाव बघून आधी त्याला बरंच वाटलं. म्हटलं चला, आता सांगूनच टाकू. पण ती घाईत होती. "बाबांचा मोबाइल लागत नाहीये रे दोन दिवस," ती म्हणाली, "आई धड काही सांगत नाही, बाहेरगावी गेलेत म्हणते. तुझ्याशी काही बोलले का?" त्यानं वर बोर्डाकडे पाहिलं. दोहाचं विमान उतरून चाळीस मिनिटं झाली होती. "अगं, बाहेरगावी म्हणजे इथंच," तो हसत म्हणाला, "मी घ्यायलाच आलोय त्यांना. आत्ता येतील बाहेर." तिकडे नळ चालू होता, तो बंद झाला. त्यानं फोन कानापासून काढून बघितला, चालू आहे का.

"कोणी बोलावलं त्यांना?"

"मी. कागद सगळे मीच केले. तुला त्रास नको म्हणून."

"आणि ते आले? असेच? मला न सांगता बाबा बर्डीवर भाजी आणायला जात नाहीत."

"मी त्यांना म्हटलं होतं की," विपुलनं कठड्यावरचा हात काढला, "की तूच सांगायला सांगितलंस."

त्यानंतर ती जे बोलली ते खालच्या आवाजात, एकेक शब्द उचलून टेबलावर ठेवावा तसं. अनुप पळायला गेलाय, रविवारी तो तळ्याला दोन फेऱ्या मारतो, आता दुसरी चालू असेल, तेव्हा मध्ये बोलू नकोस. ती जर्मनीत आली ती त्याची बायको म्हणून, तिचे इथले कागद नवऱ्याच्या कागदांना टाचलेले. दोन वर्षं नवऱ्यासोबत एका घरात काढली की ते सुटे होतात, मग नवरा असो नसो, तिच्या स्वतःच्या नावावर ती राहू शकते. त्याच्या आधी, अगदी आदल्या दिवशी जरी कोणी कळवलं की हे दोघं वेगळे झाले, तरी सगळं संपलं, बांधा सामान. अकरा जानेवारीला दोन वर्षं होतात. उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावातल्या एका सॉफ्टवेअर ऑफिसात तिचा इंटरव्ह्यू झालाय, कागद सुटे असतील तर फेब्रुवारीपासून या म्हणालेत. अनुपला यातलं अक्षर माहीत नाही. "सत्तेचाळीस दिवस राहिलेत," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये झालं ते झालं, त्यानंतर नाही झालं. ते मी सांभाळलंय. कसं, ते तुला सांगणार नाही. आता बाबा येऊन बसले की म्हणतील चल बेटा घरी, आणि अनुप हसत हसत म्हणेल, न्या. आणि उद्या सकाळी आउसलेंडरआम्टमध्ये, परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन एक ओळ लिहून देईल. एक ओळ पुरते त्यांना. बाबांना इकडे आणू नकोस. कुठेही ने." आणि तिनं फोन ठेवला. लग्न झाल्यावर ती त्याला दादा म्हणायला लागली होती, आणि त्याला ते कधीच आवडलं नव्हतं. आज एकदाही म्हणाली नाही.

दार सरकलं आणि सर बाहेर आले. राजानंद सर, नवाकोरा राखाडी स्वेटर, वर तोच शाळेतला कोट, खिशाला निळा पेन. ट्रॉली त्यांना जमत नव्हती, ती डावीकडे ओढत होती आणि ते तिला पोराचा कान धरावा तसं सरळ करत होते. विपुलनं पुढे होऊन "जयभीम सर" म्हटलं. "जयभीम, जयभीम. काय मोठं आहे रे हे बाप्पा," सर म्हणाले, "मी नुसता चालतोय चालतोय, वाटलं पायीच परत नागपूरला पोचतो का काय." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. कामठी रोडच्या शाळेत ते त्याला आणि अनुपला, एका बाकावरच्या दोघांना, इतिहास शिकवायचे, आणि संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर फुकट शिकवणी घ्यायचे. विपुलनं इतिहास घेतला तो त्या ओट्यामुळे. त्यांची मुलगी यामिनी तेव्हा दोन वेण्या घालून पाणी आणून द्यायची आणि नववीच्या पोरांची इंग्रजी स्पेलिंगं ओरडून दुरुस्त करायची.

तिकिटं श्टुटगार्टपर्यंतची काढलेली होती, जागा राखून. तिथून लोकल, मग बोब्लिंगेनला उतरून बस, झिंडेलफिंगेन, यामिनीचं घर. बारा चोपन्नची गाडी. मानहाइम तेरा चोवीस. मानहाइमला उतरलं तर दुसऱ्या गाडीनं पंधरा-वीस मिनिटांत हायडेलबर्ग, त्याची खोली. तीस मिनिटं. प्लॅटफॉर्मवर उभं असताना त्याच्या डोक्यात हे आकडे लागले आणि मग दुसरं काही शिरेना. सोपं आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. म्हणायचं, सर आज आधी माझ्याकडे, आंघोळ, गरम वरणभात, झोप, उद्याचं उद्या. उद्या म्हणायचं यामिनीला ताप आलाय. परवा आणखी काही. महिन्याचा तर व्हिसा आहे. असे महिनेच्या महिने ढकललेले त्यानं फायलींमध्ये वाचले होते, आजचं विधान उद्याच्या विधानानं झाकायचं, ते उघडं पडायला आलं की तिसरं. चार वर्षं तो हेच वाचत होता. अमेरिका व्हिएतनाममध्ये का गेली. म्हणजे सांगितलेलं कारण सगळ्यांना पाठ आहे, कम्युनिस्ट उत्तरेकडून येत होते आणि दक्षिणेच्या सरकारनं मदत मागितली. त्याच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या मागण्यावरच होतं. मार्च पासष्टमध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर सैनिक उतरत होते, शाळेच्या मुली हार घेऊन उभ्या केल्या होत्या, आणि तिकडे दक्षिणेच्या राजधानीत सकाळी सकाळी एका माणसाला बोलावून सांगत होते की लवकर निवेदन लिहा, आपण त्यांना बोलावलंय असं. हे लिहिताना विपुलला मजा आली होती. त्यानं त्या परिच्छेदाला दोन-तीनदा पॉलिश केलं होतं. त्याच्या मार्गदर्शक प्रोफेसर ब्रेंडले बाईंनी समासात पेन्सिलनं लिहिलं होतं, 'टोन जरा खाली घ्या. तुम्ही तिथे असता तर?' तेव्हा त्याला वाटलं होतं, बाई म्हाताऱ्या झाल्या.

गाडी सुटली. सर खिडकीशी बसले, बूट काढू का म्हणून विचारलं, मग नाहीच काढले. बाहेर धुकं, रानात पांढरं काहीतरी साचलेलं, मध्येच एखादं स्टेशन फटकन मागे पडायचं. विपुलनं ठरवल्याप्रमाणे म्हटलं, "सर, आज आधी माझ्याकडे जाऊ या का? दमला असाल. उद्या आरामात जाऊ तिकडे."

"दमायला काय झालं? बसूनच तर आलो." ते खिडकीबाहेरच बघत होते. "आजच जावं लागेल रे."

का जावं लागेल हे विपुलनं विचारलं नाही. त्याला स्वतःचा आवाज खोटा वाटला होता आणि सरांना खोटा आवाज कळतो हे त्याला चौदाव्या वर्षापासून माहीत होतं. या माणसानं एकदा तपासणीला साहेब आले तेव्हा वर्गात एकोणीस पोरं होती तर एकोणीसच सांगितली, हेडमास्तर टेबलाखालून पाय मारत असताना. बदली झाली. रोज अडीच तास एसटी, चार वर्षं. ओट्यावर शिकवणीच्या आधी पंचशील व्हायचं आणि चौथ्या शीलाला, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, सर मुद्दाम अर्धा क्षण थांबायचे आणि समोरच्या पोरांवरून नजर फिरवायचे. ज्यानं गृहपाठ केलेला नसायचा तो तिथंच रडायचा.

"तुझं ते अमेरिकेचं कुठवर आलं?" सरांनी विचारलं.

"लिहून झालंय बरंचसं."

"मग सांग की. काहून गेले होते ते? आम्ही तेव्हा कॉलेजला होतो, मोर्चा काढला होता व्हरायटी चौकात. घोषणा दिल्या, घसा बसला. पण काहून गेले ते आम्हाला धड माहीत नव्हतं. कम्युनिस्ट येतील म्हणून, एवढंच ना?"

"एवढंच असतं तर चार पानांत संपलं असतं, सर." बोलायला विषय मिळाला म्हणून त्याला हायसं वाटलं आणि तो सुटला. म्हणाला, भीती होतीच, एक देश गेला की शेजारचा जाईल, त्याच्या शेजारचा. पण कागद वाचले तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा त्यावर पुरता विश्वास नव्हता. घरचं राजकारण होतं. चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला तेव्हा विरोधकांनी सत्ताधाऱ्यांची सालं काढली होती, तुम्ही गमावलात म्हणून, ते पुन्हा नको होतं. आणि मग शब्द दिलेला होता. दहा वर्षं त्यांनीच तिथल्या एकामागून एका माणसाला उभं केलेलं, हा चांगला, याच्यामागे आम्ही आहोत. तो कोसळला तर जग म्हणणार, यांच्या शब्दाला काय किंमत. "त्यांच्या संरक्षण खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं तर टक्केवारीच काढली होती, सर. स्वतःच्या साहेबासाठी टिपण होतं, खासगी. आपण तिथे का आहोत. सत्तर टक्के, आपली नामुष्की होऊ नये म्हणून. वीस टक्के, चीनच्या हातात जाऊ नये म्हणून."

"आणि ज्यांच्यासाठी गेले म्हणतात ते?"

"दहा."

सर हसले, पोट हलेपर्यंत. "दहा म्हणजे ग्रेस मार्क रे. पास करायला." मग म्हणाले, "पण प्रामाणिक होता तो बाबा. लिहून तर ठेवलं."

विपुल पण हसला आणि मध्येच थांबला. कारण स्वतःचे टक्के आपोआप लागायला लागले होते. दोन हजार पाचचा मे महिना, तो सुटीत नागपूरला गेलेला, सरांनी मुद्दाम घरी बोलावलं, यामिनी आत होती, आणि सरांनी आवाज खाली करून विचारलं, अनुप कसा मुलगा आहे रे, तू ओळखतोस लहानपणापासून. कंपनी त्याला जर्मनीला पाठवतेय म्हणतात. त्या दिवशी विपुल घरून दुसरंच काही बोलायचं ठरवून निघाला होता. शर्टाला इस्त्री केली होती. चहाचा कप हातात होता. तो म्हणाला, चांगला आहे सर. खूप चांगला. सर म्हणाले, तुझा शब्द म्हणजे झालं. इंजिनिअर मुलगा, पगार, आणि विपुल काय, विपुल इतिहास वाचत होता, तो मुलगाच होता घरातला, त्याचा कोणी विचारच केला नाही. मग दोन वर्षं तो सणासुदीला झिंडेलफिंगेनला जाऊन त्यांच्या टेबलावर जेवत आला. ऑगस्टमध्ये गेला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईशी यामिनी जिन्यात बोलली, भरभर, अनुपपेक्षा कितीतरी चांगलं, बाई हसली आणि अनुपला म्हणाली, तुमची मिसेस तुमच्यापेक्षा पुढे गेली. अनुप पण हसला. घरात आल्यावर दोन तास तिच्याशी बोलला नाही, आणि जेवताना विपुलला म्हणाला, "बाईसाहेबांना विचार मीठ हवंय का. त्या आता जर्मनांसारखं गेनाऊ, गेनाऊ करतात, मराठी कळतं की नाही कोण जाणे." तिनं ताट पुढे केलं तेव्हा बाही वर सरकली. मनगटाच्या वर चार बोटांचे निळे ठसे होते, जुने नव्हते. तिनं बाही खाली केली. विपुल भात कालवत राहिला. हे तिला विचारायला हवं होतं, त्याच दिवशी, किंवा दुसऱ्या दिवशी फोन करून. त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तू यात पडू नकोस. आणि त्याला पडायचं होतं. एक महिना तो खोलीत येरझाऱ्या घालत मनातल्या मनात यात पडत होता. मग हायडेलबर्गच्या बिस्मार्कप्लाट्झ चौकाजवळच्या फोनच्या दुकानातून, काचेच्या खोक्यात उभं राहून, त्यानं नागपूरला फोन लावला आणि सरांना सांगितलं, अनुप मारतो तिला.  सर म्हणाले, तिनं सांगितलं? आणि तो म्हणाला, हो सर, तिनंच सांगायला सांगितलंय, तुम्ही येऊन न्या म्हणते, फक्त फोनवर तिला काही विचारू नका, अनुप शेजारीच असतो. एवढं सहज निघालं तोंडातून. बाहेर पडल्यावर त्याला हलकं वाटलं होतं, इतकं हलकं की त्यानं स्वतःला एक केक खाऊ घातला. ऑक्टोबरमध्ये पाहुण्याचा सगळा खर्च माझा असं आउसलेंडरआम्टमध्ये लिहून दिलं, नोकरीचा करार दाखवला, नात्याच्या रकान्यात काका लिहिलं. आता कोणी म्हणालं असतं टिपण लिही, तर? तिच्यासाठी किती? ती निळी बोटं खरी होती. ती धरून किती? आणि सरांच्या तोंडावर हे फेकायचं की बघा, तुम्ही कोणाला निवडलंत, त्याचे किती?

"डारमश्टाट का काय होतं ते गेलं?" सरांनी विचारलं. त्यांनी घड्याळ अजून लावलं नव्हतं, तिकडची वेळ दाखवत होतं. "आपण दोनच्या आत पोचू का रे?"

"का, सर?"

"विहीणबाईंशी मी बोलून आलो." ते आता त्याच्याकडे वळून बसले. "अनुपच्या आईशी. शुक्रवारी निघताना त्यांच्या घरी गेलो आणि सरळ सांगितलं, प्रभावतीताई, तुमच्या मुलानं माझ्या मुलीवर हात टाकलाय, मी तिला आणायला चाललोय. मागून येऊन चोरासारखं न्यायचं मला जमत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. तिकडून फोन करायची सोय नाही त्यांना, अनुपच करतो दर रविवारी. तुमच्याकडचे दुपारचे दोन. म्हणून म्हटलं, त्याला फोनवर कळायच्या आत आपण समोर उभं असावं. पोरगी एकटी सापडायला नको त्याच्या हाती."

तेरा शून्य नऊ. समोरच्या दाराच्या वरच्या पट्टीवर गाडीचा वेग लाल आकड्यात दाखवत होते, एकशे शहाण्णव. ताप आल्याचं, आंघोळीचं, वरणभाताचं, सगळं एका क्षणात पडलं. श्टुटगार्टलाच दोन वाजून जाणार होते. सरांना कुठेही नेलं तरी दोन वाजता झिंडेलफिंगेनला अनुप सोफ्यावर बसून कॉलिंग कार्डाचा नंबर दाबणार, आणि त्याची आई त्याला सांगणार. यामिनी तेव्हा स्वयंपाकघरात असेल. हे थांबवू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो शेजारी बसून डब्यातला चिवडा काढत होता. विहीणबाईंना फक्त तेच फोन करू शकत होते. आणि करून त्यांना खोटं बोलावं लागणार होतं, सरळ सरळ, चौथ्या शीलाच्या छातीवर पाय देऊन. विपुलनं घसा खाकरला.  एक वाट अजून होती, काहीच बोलायचं नाही, सरांना घेऊन तिथे जायचं, जे होईल ते होईल, आणि म्हणायचं, मी चांगल्यासाठी केलं. हीच वाट सगळ्यांनी घेतलेली असते. माघार घ्यायची तर आधी बोलावं लागतं की चूक झाली, आणि ते बोलायला कोणी तयार नसतं, म्हणून आणखी सैनिक पाठवा, आणखी पाठवा. तेरा बारा.

"सर," तो म्हणाला, "तिनं सांगितलं नव्हतं."

"काय?"

"यामिनीनं. मला काही सांगायला सांगितलं नव्हतं. मारल्याचं खरं आहे, मी खुणा बघितल्या. पण तुम्हाला बोलवा असं ती कधी म्हणाली नाही. ते मी घातलं." आणि मग त्यानं बाकीचं सांगितलं, यामिनीचा मघाचा फोन, दोन वर्षं, अकरा जानेवारी, उंटरश्लाइसहाइमची नोकरी, त्या ऑफिसातली एक ओळ. मध्ये थांबला नाही, थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. पलीकडच्या सीटवरची बाई पेपर खाली करून बघायला लागली, कारण तो मोठ्यानं बोलत होता हे त्याला कळत नव्हतं.

सरांनी चिवड्याचा डबा बंद केला. झाकण नीट बसलं नाही, पुन्हा काढून बसवलं. "पोरीनं एकटीनं केलं हे सगळं," ते म्हणाले. विपुलला नव्हे, स्वतःशीच. "सत्तेचाळीस म्हणाली?"

"हो."

"आणि तू काहून केलंस?"

शाळेत ते असंच विचारायचे. कारणे लिहा, पाच गुण, आणि विपुल आठ-आठ लिहायचा, जास्तीची दोन पानं जोडून. आता पण सात-आठ तयार होती. त्यातली चांगली आधी तोंडाशी आली, काळजी वाटली, राहवलं नाही, तिचं कोणी नव्हतं इथे. सगळी खरी होती. "तुम्ही अनुपला निवडलंत," तो म्हणाला. "मला दाखवायचं होतं तुम्हाला. की तुम्ही चुकलात."

सर त्याच्याकडे बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते बघत होते ते उत्तरपत्रिकेत शाईचा डाग बघावा तसं, खालचं अक्षर वाचता येतंय का म्हणून. "मला काय माहीत होतं रे," ते शेवटी म्हणाले, "तू बोललाच नाहीस." मग ते उठले, हात वर करून स्वतःची बॅग काढायला लागले, आणि विपुल उठला तर म्हणाले, "राहू दे. कुठं उतरायचं ते सांग."

मानहाइमच्या प्लॅटफॉर्मवर वारा होता. विपुलनं पाच युरोचं कॉलिंग कार्ड खिशातून काढलं, आधी एक नंबर, मग बारा आकडी पिन, मग शून्य शून्य एक्क्याण्णव, बोटं गारठलेली, पहिल्यांदा चुकलं. फोनमधली बाई मशीनसारख्या आवाजात जर्मन बोलली. तेरा एकतीस. दुसऱ्यांदा लागला. त्यानं फोन सरांच्या हातात दिला आणि लांब जायला वळला, तर सरांनी त्याची बाही धरली. ऐक म्हणून.

"विहीणबाई, जयभीम. राजानंद बोलतो. हो, पोचलो, पोचलो सुखरूप. थंडी आहे." ते ताठ उभे होते, प्रार्थनेला उभे राहायचे तसे, एक हात मांडीला चिकटून. "मी काय म्हणत होतो, ते शुक्रवारी बोललो ना तुमच्या घरी, ते मनावर घेऊ नका. नाही, नाही. माझाच ऐकण्यात घोळ झाला. विपुल दुसऱ्याच कोणाचं तरी सांगत होता, मी आपल्या पोरीवर घेतलं. वय झालं आता. नाही, आणायबिणायला नाही, गाव बघायला आलोय मी, विपुलकडे. हायडेलबर्ग म्हणून आहे, जुनं गाव आहे."

तिकडचा आवाज फोनबाहेर येत होता, स्पष्ट. "मला वाटलंच होतं," प्रभावतीबाई म्हणत होत्या. "म्हटलं माझा अनुप असं करणार नाही. मास्तर, पोरी काहीबाही सांगतात आईबापाला. जीव रमत नसला की सांगतात. तुम्ही लगेच विमानात बसलात."

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. विपुलला वाटलं आता ते बोलतील, एकोणीस म्हणतील.

"हो," सर म्हणाले. "सांगतात पोरी." आणि मग, "अनुपला काही बोलू नका बरं का. हसेल माझ्यावर उगाच."

फोन परत देताना त्यांनी तो आधी रुमालानं पुसला. नंतर गाडी येईपर्यंत ते प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे तोंड करून उभे होते आणि विपुल त्यांच्या मागे चार पावलांवर, जवळ जायची हिंमत होईना आणि लांबही जाता येईना.  दोन वाजले तेव्हा ते हायडेलबर्गच्या स्टेशनवरच्या लॉकरमध्ये बॅगा कोंबत होते. विपुलनं म्हटलं, खोलीवर जाऊ, झोपा जरा. सर म्हणाले, "मी बाईंना काय सांगितलं? गाव बघायला आलोय. मग दाखव गाव. तेवढं तरी खरं होऊ दे."

मग त्यांनी गाव बघितलं. लांबच लांब हाउप्टश्ट्रासे, गावाचा मुख्य रस्ता, रविवार म्हणून दुकानं बंद, ख्रिसमसच्या बाजाराचे लाकडी ठेले उभारून ठेवलेले पण फळ्या लावलेले, कारण तो उद्या सुरू व्हायचा होता. केस बारीक कापलेली दोन अमेरिकन पोरं, इथल्या त्यांच्या लष्करी छावणीतली, आइस्क्रीम खात चालली होती त्या थंडीत. सर प्रत्येक गोष्टीसमोर थांबत होते. चर्चसमोर थांबले, कधीचं आहे विचारलं. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीसमोर थांबले, कारंज्यासमोर थांबले. गाइडच्या मागे जाणाऱ्या माणसासारखं मान वर करून बघत, डोळे लाल झालेले, विमानातली रात्र जागून काढलेली, पाय ओढत. विपुल सांगत होता, आणि त्याचा हात कोटाच्या खिशात फोनवर होता. दोन दहा. दोन वीस. अनुप आईशी बोलतो ते पंधरा मिनिटं बोलतो, कधी अर्धा तास. किल्ल्याची चढण सरांनी तीनदा थांबून चढली. वर गच्चीवरच्या दगडी कठड्याशी ते टेकले, खाली नदी, पूल, धुक्यातून अर्धी वर आलेली छपरं, आणि तेव्हा खिशात फोन थरथरला.

इंग्रजी अक्षरांत मराठी, यामिनीचं नेहमीचं. आईंशी बोलणं झालं त्याचं. टीव्ही लावून बसलाय. बाबा कुठे आहेत.

विपुलनं फोन पुढे धरला. सरांनी चष्मा लावला, हात लांब करून वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. कठड्याला धरलेली त्यांची बोटं जरा सैल झाली. "तिला कळव, बाबा किल्ल्यावर आहेत," ते म्हणाले. "तीस दिवस आहेत म्हणाव. बोलावशील तेव्हा येतील, नाही बोलावलंस तर इथंच गाव बघतील."

विपुल लिहायला लागला. किल्ल्यावर आहेत, ठीक आहेत, लिहून झालं. मग अंगठा थांबला नाही, त्यानं पुढे लिहिलं, काळजी करू नकोस, अकरा तारखेपर्यंत मी

"एवढं काय लिहितोस?"

"काही नाही, सर."

"मी सांगितलं तेवढंच लिही." त्यांनी नदीपलीकडच्या डोंगराकडे बोट केलं. धुकं वर सरकलं होतं आणि माथ्यावर झाडांतून काहीतरी मोडकं, दगडी दिसत होतं. "ते काय आहे तिथं?"

चार वर्षं तो डोंगर त्याच्या वाचनालयाच्या खिडकीतून दिसत होता. त्यानं ते दगड कधी बघितलेच नव्हते. काहीतरी सांगता आलं असतं, मठ असेल, बुरूज असेल, सरांना कुठे कळणार होतं. "माहीत नाही, सर," तो म्हणाला.

सरांनी मान हलवली, आणि ते तिकडेच बघत राहिले. विपुल शेवटून एकेक अक्षर खोडत होता.